‘व्हिंडिक्टिव्ह’ हे इंग्रजी विशेषण कसे समजून घ्यावे आणि कुठे वापरावे

इंग्रजी वर्तमानपत्र नियमाने वाचू लागलेल्या मराठी वाचकाला ‘व्हिंडिक्टिव्ह’ हे विशेषण फार लवकर भेटते. विरोधी पक्षाच्या नेत्यावर छापा पडला की त्या पक्षाचे प्रवक्ते सरकारला ‘व्हिंडिक्टिव्ह’ म्हणतात, घटस्फोटाच्या दाव्यात एक बाजू दुसऱ्या बाजूला तेच विशेषण लावते, आणि बढती नाकारली गेलेला कर्मचारी आपल्या वरिष्ठांविषयी मित्राजवळ बोलताना तोच शब्द उच्चारतो. शब्दकोशात ‘सूड घेऊ पाहणारा’ असा अर्थ सापडतो, आणि वाचण्यापुरते त्यावर भागतेही. तोच शब्द स्वतःच्या पत्रात, निबंधात किंवा मुलाखतीत वापरायची वेळ आली, की मात्र अडचणी सुरू होतात. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवताना या एका शब्दाच्या बाबतीत ठरावीक चुका मी पुनःपुन्हा पाहिल्या आहेत, म्हणून त्या ज्या क्रमाने दूर होतात त्याच क्रमाने येथे मांडणी केली आहे.

पहिली पायरी: उच्चार आणि स्पेलिंग

या शब्दात तीन अवयव आहेत: विन्, डिक् आणि टिव्ह. आघात मधल्या अवयवावर येतो, म्हणजे ‘डिक्’ हा भाग किंचित मोठ्याने आणि ठाशीव म्हणायचा आणि दोन्ही बाजूंचे अवयव हलके ठेवायचे. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नसल्यामुळे आपण तिन्ही अवयव सारख्याच वजनाने म्हणतो आणि ऐकणाऱ्याला शब्द ओळखायला क्षणभर उशीर होतो. दुसरी गोष्ट ‘व्ह’ची. इंग्रजीतील हा ध्वनी मराठीत ‘व्ह’ असा लिहिण्याचा प्रघात आहे, पण त्यात ‘ह’चा श्वास अपेक्षित नाही. वरचे दात खालच्या ओठाला हलके टेकवून, ‘ह’सारखा श्वास न सोडता तो ध्वनी काढावा. हिंदीत हाच शब्द साध्या ‘व’ने लिहितात, यावरून ‘ह’ ही केवळ आपल्या लेखनाची सोय आहे हे लक्षात येईल.

स्पेलिंग असे आहे: व्ही, आय, एन, डी, आय, सी, टी, आय, व्ही, ई. ‘इंडिकेटिव्ह’च्या चालीवर ‘सी’ आणि ‘टी’ यांच्यामध्ये ‘ए’ घालून अनेक जण ‘व्हिंडिकेटिव्ह’ लिहितात. आज ज्या अर्थाने आपल्याला हा शब्द हवा आहे, त्या अर्थाने तसे लिहिणे चूक ठरते.

दुसरी पायरी: मूळ पाहून घ्यावे

शब्दाचे मूळ पाठ करण्याची गरज नाही, परंतु या शब्दाच्या बाबतीत ते ठाऊक असले तर पुढचा एक मोठा गोंधळ आपोआप टळतो. लॅटिन भाषेत ‘विंदिक्ता’ म्हणजे सूड किंवा शासन. गुलामाला विधिपूर्वक मुक्त करताना रोमन लोक ज्या काठीने त्याला स्पर्श करीत, त्या काठीलाही ‘विंदिक्ता’च म्हणत. त्याच कुळातील ‘विंदिकारे’ या क्रियापदाचे अर्थ आपला हक्क सांगणे, सोडवणे आणि सूड घेणे असे तिन्ही होते. आज हे अर्थ एकमेकांपासून दूरचे वाटतात, परंतु त्यांच्यामागे एकच कल्पना आहे: जे माझे आहे ते मी मागून घेतो, मग ते माणसाचे स्वातंत्र्य असो किंवा झालेल्या अपमानाची भरपाई असो.

या एका मुळापासून इंग्रजीत बरेच शब्द आले. जुन्या फ्रेंच भाषेच्या वाटेने ‘रिव्हेंज’, ‘अव्हेंज’ आणि ‘व्हेंजन्स’ आले. पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या खानदानी वैराला इटालियन भाषेत असलेला ‘व्हेंडेटा’ हा शब्दही त्याच कुळातला. थेट लॅटिनवरून, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, आपला ‘व्हिंडिक्टिव्ह’ घडवला गेला. आणि त्याच घरातला, पण स्वभावाने अगदी वेगळा असा ‘व्हिंडिकेट’ हा शब्दही इंग्रजीत नांदतो. त्याच्याकडे पुढे वळू.

तिसरी पायरी: अर्थाचे घटक

एखाद्याला ‘व्हिंडिक्टिव्ह’ म्हणताना इंग्रजी बोलणारा माणूस तीन गोष्टी एकदम सांगत असतो. त्या माणसाला पूर्वी काहीतरी लागले आहे, निदान आपल्याला लागले असे त्याला वाटते. ज्याच्यामुळे लागले त्याला त्रास व्हावा, अशी त्याची इच्छा आहे. आणि ती इच्छा मूळ कारणाच्या मानाने जास्त आहे, किंवा कारण मिटून गेल्यावरही ती टिकून राहिली आहे. यातील तिसरा घटक शब्दकोशातील एका ओळीत बहुधा उतरत नाही, आणि माझ्या मते शब्दाचा खरा प्राण तोच आहे. दुखावलेल्या माणसाने न्याय मागितला तर त्याला कोणी हे विशेषण लावत नाही. दहा रुपयांच्या वादावरून शेजाऱ्याची पाण्याची जोडणी तोडायला लावणाऱ्या माणसाला ते लावतात.

म्हणूनच हा शब्द माणसाच्या वृत्तीवर बोलणाऱ्याने दिलेला निकाल असतो. तो उच्चारताच बोलणाऱ्याची नापसंती व्यक्त होते. स्वतःविषयी किंवा आपल्या आदराच्या व्यक्तीविषयी हा शब्द सहसा वापरला जात नाही. याला एक लक्षात राहण्याजोगा अपवाद ब्रिटिश नौदलाचा आहे. १८९७ मध्ये जलावतरण झालेल्या एका युद्धनौकेचे नावच ‘व्हिंडिक्टिव्ह’ होते, आणि तिच्या जोडीच्या नौकांची नावे ‘ॲरोगंट’, ‘फ्युरियस’ आणि ‘ग्लॅडिएटर’ अशी होती. २३ एप्रिल १९१८ रोजी बेल्जियमच्या किनाऱ्यावरील झेब्रुगे बंदरावर झालेल्या धाडीत हीच नौका आघाडीवर होती. शत्रूला शासन करणारी, असा अभिमानाचा सूर तेथे त्या नावात होता. रोजच्या बोलण्यात तो सूर कधीच नसतो.

चौथी पायरी: मराठीतील योग्य शब्दाशी जोड

या शब्दाला मराठीत एकच प्रतिशब्द ठरवून टाकणे हिताचे नाही, कारण सुडाच्या भावनेसाठी आपली भाषा श्रीमंत आहे आणि प्रत्येक शब्दाचे वजन वेगळे आहे. माणसाच्या स्वभावाबद्दल बोलायचे असेल तर ‘खुनशी’ हा सर्वांत जवळचा शब्द आहे. ‘तो फार खुनशी आहे, त्याच्या वाटेला जाऊ नकोस’ या वाक्यात जी ताकीद आहे, तीच ‘ही इज व्हिंडिक्टिव्ह’ या वाक्यात असते. एखाद्या कृतीबद्दल बोलायचे असेल तर ‘सूडबुद्धीने केलेली’ हे शब्द बसतात. मराठी वर्तमानपत्रांतील ‘सूडबुद्धीने कारवाई’ आणि ‘सूडाचे राजकारण’ हे शब्दप्रयोग इंग्रजी बातमीत ‘व्हिंडिक्टिव्ह ॲक्शन’ आणि ‘व्हेंडेटा पॉलिटिक्स’ या रूपांत दिसतात.

‘डूख धरणे’ हा शब्दप्रयोग तर या विशेषणाचा तिसरा घटक नेमका पकडतो. सापाला डिवचले तर तो डूख धरतो आणि माणसाला विसरत नाही, अशी आपल्याकडची जुनी समजूत आहे. सापांच्या बाबतीत ती खरी नाही, पण त्या समजुतीमुळे भाषेला एक अचूक शब्द मिळाला. दीर्घकाळ मनात ठेवून, संधी साधून केलेला दंश, हे ‘व्हिंडिक्टिव्ह’ माणसाचे वागणे असते.

याउलट ‘वचपा काढणे’ हे शब्द खेळाच्या पानावर रोज भेटतात: मागच्या मालिकेतील पराभवाचा भारताने वचपा काढला. येथे ‘व्हिंडिक्टिव्ह’ वापरणे पूर्णपणे चूक आहे, कारण खेळाडूंच्या मनात प्रतिस्पर्ध्याला इजा करण्याची इच्छा नसते आणि लिहिणाऱ्याच्या मनात नापसंती नसते. ‘उट्टे काढणे’ हे दोन्हींच्या मधले आहे. भावंडांच्या थट्टेतही उट्टे काढले जाते आणि कोर्टकचेरीतही, म्हणून तेथे प्रसंग पाहूनच ठरवावे लागते. ‘मनात धरून ठेवणे’ याला इंग्रजीत ‘टू होल्ड अ ग्रज’ म्हणतात. जाऊबाईंनी लग्नातला मानापमान दहा वर्षे मनात ठेवला, पण त्यावरून कोणाचे वाईट चिंतले नाही किंवा केले नाही, तर त्यांच्या मनात ‘ग्रज’ आहे एवढेच म्हणता येते. ज्या दिवशी त्या मुद्दाम आपल्या घरच्या कार्याचे निमंत्रण वगळतात, त्या दिवशी ते विशेषण त्यांच्या जवळ येऊ लागते.

पाचवी पायरी: वाक्यात कुठे आणि कसे बसवावे

येथे थोडे सावकाश जायला हवे, कारण चुका सर्वाधिक याच ठिकाणी होतात. हा शब्द विशेषण आहे, म्हणून तो नामाच्या आधी येतो किंवा ‘इज’, ‘वॉज’, ‘बिकेम’, ‘सीम्स’ अशा क्रियापदांनंतर येतो. ‘अ व्हिंडिक्टिव्ह बॉस’ आणि ‘द बॉस वॉज व्हिंडिक्टिव्ह’ ही दोन्ही रूपे बरोबर आहेत. मराठीत आपण ‘सूड घेतला’ असे म्हणतो, त्यामुळे विद्यार्थी ‘ही टुक व्हिंडिक्टिव्ह ऑन मी’ असे वाक्य बनवतात. येथे विशेषणाला नामाच्या जागी बसवले आहे. घेतला जातो तो सूड, म्हणून ‘ही टुक रिव्हेंज ऑन मी’ म्हणावे, किंवा वृत्तीबद्दल बोलायचे असेल तर ‘ही वॉज व्हिंडिक्टिव्ह टुवर्ड्‌ज मी’ म्हणावे.

या दुसऱ्या वाक्यातील शब्दयोगी अव्ययाकडे लक्ष द्यावे. मराठीत माणूस कोणा‘वर’ डूख धरतो, म्हणून आपल्या मनात ‘ऑन’ येते. इंग्रजीत या विशेषणापुढे ‘टुवर्ड्‌ज’ येते. ‘ऑन’ हे ‘रिव्हेंज’ या नामाबरोबर शोभते. दोन्ही शब्दांची ही जोडी एकदाच नीट लिहून घेतली तर पुन्हा अडखळावे लागत नाही.

आता एक बारीक फरक, जो मला या संपूर्ण विषयातील सर्वांत उपयोगी वाटतो. ‘शी इज व्हिंडिक्टिव्ह’ आणि ‘शी इज बीइंग व्हिंडिक्टिव्ह’ ही वाक्ये वरवर सारखी दिसतात. पहिल्या वाक्यात तिचा स्वभावच खुनशी असल्याचे सांगितले आहे, तर दुसऱ्यात ती सध्या, या एका प्रकरणात, सूडबुद्धीने वागते आहे एवढेच म्हटले आहे. मराठीत आपण हाच फरक ‘ती खुनशी आहे’ आणि ‘ती आत्ता सुडाने वागते आहे’ असा सहज करतो, पण इंग्रजीत बोलताना ‘बीइंग’ची आठवण राहत नाही आणि नकळत पूर्ण माणसावर शिक्का मारला जातो. ज्या नात्यात पुढेही राहायचे आहे, तेथे ‘बीइंग’ असलेले वाक्य निवडावे. त्याहून सौम्य वाक्य हवे असेल, तर माणसाला बाजूला ठेवून कृतीलाच विशेषण द्यावे: ‘दॅट रिमार्क साउंडेड व्हिंडिक्टिव्ह’, म्हणजे ते बोलणे सूडाचे वाटले.

तुलनेसाठी ‘मोअर व्हिंडिक्टिव्ह’ म्हणावे, शेवटी ‘अर’ लागत नाही. भाववाचक नाम ‘व्हिंडिक्टिव्हनेस’ आणि क्रियाविशेषण ‘व्हिंडिक्टिव्हली’ आहे, आणि दोन्हींत आघात ‘डिक्’वरच राहतो. ‘अ व्हिंडिक्टिव्ह स्ट्रीक’ हा शब्दसमूहही ऐकू येतो. एरवी भल्या असलेल्या माणसाच्या स्वभावात सुडाची एखादी छटा आहे, असा त्याचा अर्थ होतो.

सहावी पायरी: शेजारचे शब्द ओळखावेत

‘व्हेंजफुल’ हा सर्वांत जवळचा शेजारी. दोन्ही शब्द अनेकदा एकमेकांच्या जागी चालतात, पण ‘व्हेंजफुल’मध्ये भव्यता आहे आणि ‘व्हिंडिक्टिव्ह’मध्ये क्षुद्रपणा. महाभारतातील अश्वत्थामा या दृष्टीने आठवून पाहावा. पित्याच्या कपटाने झालेल्या वधानंतर तो रात्री पांडवांच्या शिबिरात शिरतो, धृष्टद्युम्नाला ठार मारतो आणि द्रौपदीच्या पाचही मुलांचा संहार करतो. या माणसाला इंग्रजीत ‘व्हेंजफुल’ म्हणावे लागते. ‘व्हिंडिक्टिव्ह’ म्हटले तर शब्द अपुरा पडतो, जणू एखाद्या कारकुनाने फाइल दडवून ठेवली आहे. उलट, फाइल दडवणाऱ्या कारकुनाला ‘व्हेंजफुल’ म्हणणे हे त्याला नसते मोठेपण देणे होय. ‘रिव्हेंजफुल’ हा शब्दही कोशात आहे, पण आजच्या लेखनात तो विरळ आहे आणि नवशिक्याने त्याच्यावाचून सहज चालवावे.

‘स्पाइटफुल’ म्हणजे दुसऱ्याला छोटे, बोचरे दुःख देण्यात समाधान मानणारा, आणि त्यासाठी जुने कारण असलेच पाहिजे असे नाही. ‘मॅलिशस’ म्हणजे वाईट हेतूने केलेले. येथेही पूर्वीची इजा गृहीत नाही, म्हणून निव्वळ मत्सरापोटी पसरवलेल्या अफवेला हा शब्द लागू पडतो. ‘रिटॅलिएटरी’ हा मात्र स्वभावाविषयी काहीच सांगत नाही. एका देशाने आयातशुल्क वाढवले आणि दुसऱ्याने उत्तरादाखल वाढवले, तर त्याला ‘रिटॅलिएटरी टॅरिफ’ म्हणतात आणि त्या शब्दात निंदा नसते. निंदा करायची नसेल आणि केवळ घटनांचा क्रम सांगायचा असेल तर हाच शब्द निवडावा.

विरुद्धार्थी म्हणून ‘फर्गिव्हिंग’ पुरेसा आहे.

सातवी पायरी: ‘व्हिंडिकेट’शी गल्लत टाळावी

आता मघाचा तो भाऊबंद. ‘व्हिंडिकेट’ म्हणजे एखाद्यावरील आरोप खोटा ठरवणे, किंवा त्याचे म्हणणे खरे होते असे सिद्ध होणे. ‘द इन्क्वायरी व्हिंडिकेटेड हर’ या वाक्याचा अर्थ चौकशीतून तिचे निर्दोषत्व सिद्ध झाले असा आहे. ध्वनिसाम्यामुळे नवशिके वाचक त्यातून ‘चौकशीने तिच्यावर सूड उगवला’ असा नेमका उलटा अर्थ काढतात. एका विद्यार्थिनीने नोकरीच्या अर्जात पूर्वीच्या वादाचा उल्लेख करताना ‘मला न्याय मिळाला’ असे सांगण्यासाठी ‘आय वॉज व्हिंडिक्टिव्ह’ असे लिहिले होते, म्हणजे स्वतःच्याच अर्जात स्वतःला खुनशी ठरवले होते. अर्ज पाठवण्याआधी तो माझ्या हाती आला, हे चांगले झाले. तिला हवे असलेले वाक्य ‘आय वॉज व्हिंडिकेटेड’ हे होते. रोमन काठीची आठवण येथे उपयोगी पडते: एकाच काठीने एक हात बंधन सोडवतो आणि दुसरा हात मारतो.

‘अव्हेंज’ आणि ‘रिव्हेंज’ यांचेही थोडक्यात. दुसऱ्यावर झालेल्या अन्यायाचे पारिपत्य करणे याला ‘अव्हेंज’ म्हणण्याकडे कल असतो. १३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरच्या जालियनवाला बागेत हत्याकांड झाले, तेव्हा मायकेल ओड्वायर पंजाबचे लेफ्टनंट गव्हर्नर होते. उधम सिंग यांनी १३ मार्च १९४० रोजी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. भारतीय लेखक इंग्रजीत याविषयी लिहिताना ‘अव्हेंज्ड’ हे क्रियापद वापरतात. जवळपास एकवीस वर्षे मनात ठेवलेली गोष्ट असूनही कोणी भारतीय त्यांना ‘व्हिंडिक्टिव्ह’ म्हणणार नाही. बोलणाऱ्याचा आदर किंवा अनादर या शब्दाच्या निवडीत किती निर्णायक असतो, ते या एका उदाहरणावरून कळते.

आठवी पायरी: औपचारिक पत्रात वापरण्याआधी थांबावे

कार्यालयीन तक्रारीत ‘माय मॅनेजर इज व्हिंडिक्टिव्ह’ असे लिहिण्याचा मोह फार होतो. माझा स्पष्ट सल्ला आहे की ते लिहू नये. हेतू हा दुसऱ्याच्या मनात असतो, तो कागदावर दाखवता येत नाही, आणि ज्याचा पुरावा देता येत नाही असा शब्द तक्रारीच्या पहिल्याच ओळीत आला, की वाचणाऱ्याचे लक्ष घटनांवरून तुमच्या रागाकडे वळते. त्याऐवजी तारखा द्याव्यात: अमुक दिवशी मी लेखी आक्षेप घेतला, त्यानंतर आठ दिवसांत माझी बदली झाली, बदलीचे कारण मला लेखी मिळालेले नाही. एवढे वाचून वाचणाऱ्याच्या मनात तो शब्द आपण होऊन उमटतो.

कायद्याची भाषाही याच पद्धतीने चालते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात (तो २०२५ मध्ये रद्द झाला) आणि महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्यात, कामगाराला आकसाने कामावरून काढण्यासाठी ‘व्हिक्टिमायझेशन’ हा शब्द आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्याच्या कलम १४ मध्ये खोट्या तक्रारीच्या जोडीला ‘मॅलिशस’ तक्रारीचा उल्लेख आहे. कायद्याच्या जुन्या इंग्रजी ग्रंथांत ‘व्हिंडिक्टिव्ह डॅमेजेस’ असा शब्दप्रयोग भेटतो. नुकसानीची भरपाई करण्यापलीकडे जाऊन, प्रतिवादीला अद्दल घडावी म्हणून देववलेली रक्कम, असा त्याचा अर्थ आहे. आता त्या जागी ‘एक्झेम्प्लरी’ किंवा ‘प्युनिटिव्ह’ म्हणतात.

नववी पायरी: सराव

पुढील पाच मराठी वाक्ये इंग्रजीत न्यावीत आणि प्रत्येक ठिकाणी हे विशेषण बसते का, ते आधी ठरवावे. ‘मुंबईने गेल्या वर्षीच्या पराभवाचा वचपा काढला.’ ‘घरमालकाने सूडबुद्धीने आमचे पाणी बंद केले.’ ‘तो मनात ठेवतो, पण कोणाचे वाईट करत नाही.’ ‘माझे म्हणणे खरे होते हे शेवटी सिद्ध झाले.’ ‘एरवी ती अशी नाही, पण या प्रकरणात सुडाने वागते आहे.’

पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या वाक्यात हा शब्द येणार नाही. तेथे अनुक्रमे ‘रिव्हेंज’, ‘ग्रज’ आणि ‘व्हिंडिकेटेड’ हवेत. दुसऱ्या वाक्यात विशेषण कृतीला लावता येते किंवा ‘आउट ऑफ व्हिंडिक्टिव्हनेस’ असे म्हणता येते. पाचव्या वाक्यात ‘बीइंग’ विसरले असेल, तर पाचवी पायरी पुन्हा वाचून ते वाक्य नव्याने लिहावे.